विवाहाच्या नात्यानें केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज फेटाळला गेल्यास

अमेरिकेंत नोकरीस असलेल्या तरुणाशीं नारायणगांवच्या, मंचरच्या किंवा ओतूरच्या एखाद्या मुलीचा विवाह होतो. आठपंधरा दिवसांनीं जांवई परत जातो, मुलगी सासरीं राहते, आणि पुढें दीर्घकाळ कागदांची ये-जा होऊन अखेर एके दिवशीं नकाराचें पत्र हातीं पडतें. त्या दिवशीं घरांत जो प्रश्न पहिल्यानें निघतो तो "आतां वकील कोणता करावयाचा?" हा होय. प्रश्न वाजवी आहे. परंतु तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा कीं, नकार कोणी दिला, कोणत्या कलमाखालीं दिला आणि पत्रावर तारीख कोणती आहे. या तीन गोष्टी हातीं असल्यावांचून वकील शोधावयास निघणें म्हणजे दुखणें कोणतें तें न सांगतां औषधाच्या दुकानांत शिरण्यासारखें आहे. दुकानदार कांहीं तरी देतोच.

ग्रीन कार्ड हें नांव लोकांच्या तोंडीं रुळलें असलें तरी वस्तुतः तो कायम रहिवासाचा हक्क आहे. आणि विवाहाच्या नात्यानें तो मिळवावयाचा तर दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी अमेरिकेंतील जोडीदाराची. तो तेथील नागरिक असो कीं स्वतः ग्रीन कार्डाचा धनी असो, आय-१३० या नमुन्याचा अर्ज तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवा खात्याकडे करून, हें नातें खरें आहे असें त्यानें दाखवावयाचें असतें. हा अर्ज मंजूर झाला म्हणजे पत्नीला व्हिसा मिळाला असें नव्हे. केवळ नातें मान्य झालें. दुसरी पायरी पत्नीची. ती भारतांत असेल तर कागद राष्ट्रीय व्हिसा केंद्रामार्फत मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासाकडे येतात व वांद्रे-कुर्ला संकुलांतील त्या इमारतींत तिची मुलाखत होते. ती आधींच अमेरिकेंत असेल तर बहुधा तेथल्या तेथें आय-४८५ हा अर्ज करून हक्क मागतां येतो. नागरिकाच्या पत्नीस वार्षिक संख्येची मर्यादा नाहीं. ग्रीन कार्डवाल्याच्या पत्नीस ती आहे, म्हणून तिला रांगेंत उभें राहावें लागतें. शिवाय विवाहाला दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंत हक्क मिळाला तर पहिलें कार्ड सशर्त, दोन वर्षांपुरतें असतें, आणि तें पक्कें करण्यासाठीं मुदत संपण्यापूर्वींच्या ९० दिवसांत आय-७५१ हा निराळा अर्ज करावा लागतो. ही अट १९८६ सालीं, खोट्या विवाहांना आळा घालण्यासाठीं झालेल्या कायद्यानें आली. येथें 'पत्नी' हा शब्द सोयीसाठीं घेतला आहे. नवरा जुन्नरास आणि बायको अमेरिकेंत असली तरी नियम तेच.

आतां नकार कोठून आला तें पाहूं. सेवा खात्यानें आय-१३० नामंजूर केला असेल तर तत्पूर्वीं बहुधा एक इशारा आलेला असतो: अधिक पुरावा मागणारें पत्र, किंवा अर्ज नामंजूर करण्याचा विचार असल्याची नोटीस. पुष्कळदां हा इशारा नवऱ्याच्या टपालपेटींत पडून राहतो, किंवा त्याला घाईघाईनें दोन ओळींचें उत्तर जातें, आणि मग नकार आल्यावर धांवाधांव सुरू होते. वकिलाची खरी गरज त्या इशाऱ्याच्या दिवशीं असते, कारण त्या वेळीं दिलेला कागद मूळ प्रकरणांत सामील होतो; मागाहून दिलेला कागद अपिलांत घेतील कीं नाहीं याची शाश्वती नसते.

नामंजुरीवरील अपील स्थलांतर अपील मंडळापुढें चालतें. हें मंडळ सेवा खात्याच्या बाहेरचें, न्याय खात्याखालचें आहे. मात्र अपिलाचा अर्ज ज्या कार्यालयानें नकार दिला त्याच्याकडेच दाखल करावा लागतो. थेट मंडळाकडे धाडला तर मुदत हातची जाते. ही मुदत रूढीनें ३० दिवसांची आहे. तरी नोटिशीवर जी छापली असेल तीच प्रमाण मानावी, कारण हे नियम बदलत असतात. आणखी एक गोष्ट येथें ध्यानांत घेतली पाहिजे, कारण तिच्या अज्ञानापायीं मुलीच्या माहेरचीं माणसें विनाकारण पैसा खर्च करतात. अपिलाचा अधिकार अर्ज करणाऱ्या जोडीदाराचा आहे, ज्याच्यासाठीं अर्ज केला त्याचा नाहीं. घोडेगांवच्या मुलीच्या वडिलांनीं कितीहि पैसे मोजून वकील दिला तरी वकीलपत्रावर सही अमेरिकेंतील जांवयाचीच हवी. जांवई उदासीन असेल तर प्रश्न कायद्याचा उरत नाहीं, आणि तसें असल्यास तें वेळींच कळलेलें बरें.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. आय-१३० मंजूर झालेला असतो, परंतु मुंबईच्या मुलाखतींत अधिकाऱ्यास नात्याविषयीं संशय येतो. तो अर्ज स्वतः रद्द करीत नाहीं. सेवा खात्याकडे परत पाठवितो. बऱ्याच काळानंतर नवऱ्याला, मंजुरी रद्द करण्याचा विचार असल्याची नोटीस जाते. तिला पुराव्यासह उत्तर द्यावयाचें असतें. न दिल्यास किंवा तें न पटल्यास मंजुरी रद्द होते, आणि त्यावरील अपिलाची मुदत ३० नव्हे, १५ दिवस असते. दरम्यान नवऱ्यानें घर बदललें व नवा पत्ता खात्यास कळविला नाहीं, तर ती नोटीस जुन्या घरच्या दाराशीं पडून प्रकरण निकालांत निघतें.

मुदतीचा हा नियम केवळ अर्जदारालाच जाचतो असें नाहीं. एक जुनी गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. अहमदाबादेस जन्मलेले सखाराम गणेश पंडित यांना १९१४ सालीं कॅलिफोर्नियांत अमेरिकेचें नागरिकत्व मिळालें. पुढें ते तेथें वकील झाले, आणि १९२० सालीं त्यांनीं एका अमेरिकन स्त्रीशीं विवाह केला. भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत पंडितच वकील होते. १९२३ सालीं त्या खटल्याचा निकाल विरुद्ध गेला. हिंदी लोक 'गोरे' नाहींत, सबब नागरिक होण्यास अपात्र, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. त्याचा आधार घेऊन सरकारनें स्वतः पंडितांचेंच नागरिकत्व काढून घेण्याचा दावा लावला. तें गेलें असतें तर १९२२ च्या कायद्याखालीं त्यांच्या पत्नीचेंहि धोक्यांत आलें असतें, कारण अपात्र परकीयाशीं विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीला त्या काळीं स्वतःचें नागरिकत्व गमवावें लागे. पंडितांनीं वर्णाचा वाद न वाढवितां दुसरी बाजू धरली: १९१४ सालीं सरकारला आक्षेप घेण्याची संधि होती, त्यानें तो घेतला, हरलें, आणि अपील केलें नाहीं, मग तोच प्रश्न पुन्हां कसा उकरतां येईल? १९२६ सालीं अपील न्यायालयानें हें म्हणणें मान्य केलें, आणि १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारचा अर्ज घेण्याचें नाकारलें. अशा प्रकारें एका वेळेवर न केलेल्या अपिलामुळें एक कुटुंब वांचलें. आज बहुधा याच्या उलट घडतें.

तिसरा नकार मुंबईच्या खिडकीवरचा, २२१(जी) या कलमाखालचा. हा कागद नकाराच्याच नमुन्यावर असतो, म्हणून तो पाहून मुलीला रडूं कोसळतें. परंतु पुष्कळदां त्याचा अर्थ एवढाच असतो कीं, एखादा कागद कमी आहे किंवा चौकशी पुरी व्हावयाची आहे. मागितलेला कागद देण्यास एक वर्षाची मुदत मिळते. अशा प्रकरणीं अमेरिकन वकिलावर डॉलर खर्च करण्यापूर्वीं ग्रामपंचायतींत एक खेप घालून यावी. प्रायोजकाचें उत्पन्न अपुरें ठरल्यामुळें येणारा नकारहि असाच दुरुस्त होणारा आहे. नवऱ्यानें भरावयाच्या आय-८६४ या हमीपत्रांत त्याच्या कुटुंबाच्या आकारमानाप्रमाणें ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावें लागतें; तें नसेल तर अमेरिकेंतील दुसरा पात्र मनुष्य सहहमीदार होऊं शकतो. पूर्वीं अमेरिकेंत मुदतीबाहेर राहिल्यामुळें लागलेली तीन किंवा दहा वर्षांची बंदी, अथवा खोटें सांगितल्याच्या ठपक्याची कायमची बंदी, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तेथें आय-६०१ या अर्जानें माफी मागावी लागते, आणि ती मिळण्यास अमेरिकेंतील पतीला किंवा पात्र मातापित्याला 'अत्यंत हाल' सोसावे लागतील असें सिद्ध करावें लागतें. केवळ विरहाचें दुःख त्यास पुरत नाहीं. हें काम मुरलेल्या वकिलाचें.

अमेरिकेंतच केलेला आय-४८५ फेटाळला गेला तर सामान्यतः अपील नाहीं. ३० दिवसांच्या आंत फेरविचाराची विनंती करतां येते. प्रकरण हद्दपारीच्या न्यायाधीशापुढें गेलें तर तेथें बहुतेक प्रकरणीं तोच हक्क पुन्हां मागतां येतो. ज्याच्या नांवें हद्दपारीचें बोलावणें निघालें त्यानें एक दिवसहि वकिलाशिवाय काढूं नये. अशा माणसाला वकील देण्याचा अधिकार आहे, पण सरकारच्या खर्चानें नाहीं. फौजदारी आरोपीला जी सवलत तेथें आहे ती यांत नाहीं.

मुंबईच्या अधिकाऱ्यानें दिलेल्या नकारावर न्यायालयांत दाद कां मागतां येत नाहीं, असा प्रश्न सुशिक्षित घरांतून हमखास विचारला जातो. आपल्याकडे तहसीलदाराच्या हुकुमावर प्रांताकडे, तेथून वर आणि अखेर उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची संवय आहे, म्हणून हें चमत्कारिक वाटतें. परंतु देशाबाहेरील परकीयाला आंत घ्यावयाचें कीं नाहीं हा राज्यसत्तेचा प्रश्न आहे, न्यायाधीशाचा नव्हे, असें अमेरिकन न्यायालयें शतकाहून अधिक काळ म्हणत आलीं आहेत. सँड्रा म्युन्योझ या अमेरिकन नागरिक स्त्रीचा विवाह २०१० सालीं एल साल्व्हाडोरच्या तरुणाशीं झाला. तेथील दूतावासानें त्याचा संबंध गुन्हेगारी टोळीशीं असल्याचें मानून व्हिसा नाकारला. अंगावरील गोंदण हेंहि त्या संशयाचें एक कारण होतें. पतीबरोबर आपल्या देशांत राहण्याचा आपला मूलभूत हक्क हिरावला, असें त्या बाईंचें म्हणणें. २१ जून २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं निकाल दिला कीं, परकीय जोडीदाराला देशांत आणण्याचा असा मूलभूत हक्क नागरिकाला नाहीं. म्हणून जो कोणी "मुंबईच्या नकाराविरुद्ध खटला भरून व्हिसा आणून देतों" असें सांगेल, त्याच्याकडून पाऊल मागें घ्यावें.

त्याच वर्षीं १० डिसेंबरला झालेला बुआर्फा खटल्याचा निकाल विवाहाच्या अर्जांना अधिकच जवळचा आहे. मंजूर झालेला आय-१३० सेवा खात्यानें मागाहून रद्द केला. त्या रद्द करण्यावर जिल्हा न्यायालयांत जातां येतें काय? नाहीं, असें न्यायालयानें एकमतानें सांगितलें, कारण रद्द करणें हें खात्याच्या मर्जीवर सोपविलेलें काम आहे. तथापि निकालांतच एक वाट दाखविली आहे. नवा अर्ज करण्यास आडकाठी नाहीं. तो नामंजूर झाला तर ती नामंजुरी कायद्याच्या सक्तीची असते, मर्जीची नव्हे, आणि तिच्यावर न्यायालयांत जातां येतें. सारांश, एकाच नात्याच्या, एकाच पुराव्याच्या दोन प्रकरणांत केवळ 'रद्द' आणि 'नामंजूर' या शब्दांमुळें न्यायालयाचें दार एकास बंद आणि दुसऱ्यास उघडें असतें. चांगला वकील पैसे घेतो तो हा भेद ओळखण्याचे.

आतां संशयाच्या मुळाशीं जाऊं. अधिकाऱ्याला ठरवावयाचें असतें तें हें कीं, लग्न करतेवेळीं दोघांचा हेतु एकत्र संसार करण्याचा होता काय. संसार पुढें सुखाचा झाला कीं नाहीं हें तो विचारीत नाहीं. १९७५ च्या बार्क प्रकरणापासून ही कसोटी रूढ आहे. पुराव्याचें मापहि फार कडक नाहीं. २०१० सालीं मार्गदर्शक म्हणून प्रसिद्ध झालेल्या एका निर्णयाचें नांव 'चवाथे प्रकरण' असें आहे. नांव ऐकून मराठी कान टवकारतात! तें प्रकरण नागरिकत्वासाठीं लागणाऱ्या वास्तव्याचें होतें, विवाहाचें नव्हे. परंतु गोष्ट खरी असण्याचा संभव खोटी असण्याहून अधिक दिसला कीं पुरें, हें त्यांतील सूत्र स्थलांतराच्या इतर अर्जांतहि नेहमीं उद्धृत होतें. निःसंशय सिद्धता मागणाऱ्या अधिकाऱ्यास वकील हेंच सूत्र दाखवितो.

अडचण येते ती मापाची नव्हे, दृष्टीची. अमेरिकन अधिकारी खऱ्या संसाराच्या खुणा शोधतो त्या त्याच्या देशांतल्या: दोघांच्या नांवें घरभाडें, दोघांच्या नांवें बँकेचें खातें, लग्नापूर्वींची वर्ष-दोन वर्षांची मैत्री. आंबेगांव तालुक्यांतील विवाहांत यांतलें कांहींच नसतें. मुलगा-मुलगी दोनदां भेटलेलीं, बोलणीं वडिलांचीं झालेलीं, लग्नानंतर एकत्र सहवास दहा दिवसांचा, आणि मुलगी राहते ती सासूसासऱ्यांबरोबर. अधिकाऱ्याच्या कसोटीनें हें नातें पोकळ दिसतें; गांवच्या कसोटीनें याहून भरीव नातें नाहीं. पण गांवची कसोटी कागदावर उतरवून द्यावी लागते, ती आपोआप मुंबईस पोंचत नाहीं. साखरपुडा, याद्या, बस्ता, हळद यांचीं तारखेसह छायाचित्रें. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांचीं नांवें असलेली पत्रिका. लग्नानंतर जोडप्यानें जेजुरीस किंवा ओझर-लेण्याद्रीस केलेलें दर्शन. शिधापत्रिकेवर सुनेचें लागलेलें नांव. विम्यांत व बँकेंत पत्नीचें वारस म्हणून झालेलें नामनिर्देशन. तिच्या खात्यावर दरमहा येणारे पैसे. नवऱ्याच्या प्रत्येक खेपेचीं तिकिटें. रोजच्या दूरध्वनीच्या नोंदी. हे सर्व पुरावेच आहेत, आणि ठरवून झालेल्या विवाहाची रीत एका परिच्छेदांत समजावून सांगितली तर अधिकारी त्यांचा अर्थ लावूं शकतो. सरपंच, भटजी, शेजारी यांचीं प्रतिज्ञापत्रेंहि चालतात. मात्र एकाच टंकलेखकानें एकाच मजकुराचीं दहा काढून दिलीं तर त्यांची किंमत एकाइतकीहि राहत नाहीं.

संशयाचें दुसरें मूळ कागदांतील विसंगति. या दोन तालुक्यांत तिचे प्रकार ठरलेले आहेत. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचें नांव व माहेरचें आडनांव, आधारपत्रावर नवऱ्याचें नांव, पारपत्रावर तिसरेंच, आणि लग्नांत पाळण्यांतलें नांव बदललें असेल तर चौथें. मराठी वाचकास हीं चारी नांवें एकाच बाईचीं आहेत हें सांगावें लागत नाहीं. परदेशी वाचकास सांगावें लागतें. प्रतिज्ञापत्र, विवाह-प्रमाणपत्र आणि लागेल तेथें राज्याच्या राजपत्रांतील नांवबदलाची जाहिरात, ही त्याची सांखळी. जन्मतारखेचें दुखणें त्याहून जुनें. घरीं जन्मलेल्या मुलाची नोंद ग्रामपंचायतींत झालेली नाहीं, आणि शाळेंत घालतांना गुरुजींनीं १ जून ही तारीख लिहिली, असें महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत लाखों वेळां घडलें आहे. भीमाशंकरच्या बाजूच्या आदिवासी वाड्यांत तर वडील आणि मुलगा दोघेहि १ जूनचेच निघतात. पुढें कोणी नोंदवहींतून खरी तारीख काढून आणली कीं दोन कागद भांडूं लागतात. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्यांत २०२३ सालीं दुरुस्ती होऊन, एक वर्षाहून उशिरा होणाऱ्या नोंदीचा आदेश देण्याचें काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून जिल्हा, उपविभागीय अथवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेलें आहे. या दोन तालुक्यांचें प्रांत-कार्यालय मंचर येथें आहे. जुनी नोंद मुळींच नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला व त्यास शाळेच्या दाखल्याची जोड, हा मार्ग अमेरिकन नियमांतहि मान्य आहे. उशिरा काढलेल्या नव्या कोऱ्या दाखल्यापेक्षां तो पुष्कळदां अधिक विश्वसनीय ठरतो.

गांवांच्या नांवांचाहि घोटाळा होतो. आंबेगांव तालुका ज्या गांवावरून ओळखला जातो तें जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्यांत गेलें. तालुक्याचें ठिकाण घोडेगांव. आणि आंबेगांव बुद्रुक व खुर्द हीं अगदीं निराळीं गांवें पुणें शहराजवळ कात्रजच्या बाजूस आहेत. पारपत्रावर नुसतें 'आंबेगांव, पुणें' असेल तर अधिकाऱ्यानें कोणतें समजावें? वडगांवें आणि पिंपळगांवें तर दोन्ही तालुक्यांत आहेत.

सर्वांत घातक विसंगति विवाहाच्या तारखेची. व्हिसाचें काम लवकर सुरू व्हावें म्हणून पुष्कळ घरीं लग्नाआधींच नोंदणी उरकतात आणि विधि पुढच्या हंगामांत करतात. राज्याच्या १९९८ च्या विवाह-नोंदणी कायद्याखालीं ग्रामपंचायतींत मिळणारें प्रमाणपत्र झालेल्या विवाहाची नोंद असतें. तें स्वतः विवाह घडवीत नाहीं. १९ एप्रिल २०२४ रोजीं डॉली राणी प्रकरणांत भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें हेंच स्पष्ट केलें: हिंदु विवाह कायद्याच्या ७ व्या कलमांतील विधि झालेच नसतील तर नोंदणीच्या कागदानें विवाह होत नाहीं, आणि परदेशच्या व्हिसासाठीं वेळ वांचविण्याकरितां आधीं नोंदणी करण्याच्या प्रथेवर न्यायालयानें ताशेरे ओढले. आतां असें समजा कीं प्रमाणपत्रावर विवाहाची तारीख फेब्रुवारीची, पत्रिकेवर डिसेंबरची, आणि आय-१३० भरला मार्चमध्यें. अधिकारी विचारतो, अर्ज भरला तेव्हां लग्न झालें होतें काय? या प्रश्नाला खरें उत्तर द्यावें तर अर्ज पडतो, आणि खोटें द्यावें तर माणूस पडतो. ज्यांना खरोखरच आधीं कायदेशीर विवाह हवा त्यांनीं १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीं, ३० दिवसांची नोटीस देऊन, विवाह अधिकाऱ्यापुढें विवाह करावा. तो विधीशिवायहि पूर्ण असतो.

हीं सर्व कामें येथल्या वकिलाचीं आहेत, अमेरिकन वकिलाचीं नव्हेत. न्यू जर्सींतील वकिलाला ग्रामपंचायतीच्या नोंदवहींतील चूक दुरुस्त करतां येत नाहीं, आणि जुन्नरच्या वकिलाची सनद अमेरिकेच्या अपील मंडळापुढें चालत नाहीं. दोघांची गांठ घालून देणें हेंच नवऱ्याचें काम. येथल्या कामासाठीं खर्चाची ऐपत नसेल तर तालुका विधि सेवा समितीकडे जावें. १९८७ च्या कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणें स्त्रियांना तसेंच अनुसूचित जाति-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावतां मोफत कायदेशीर मदत मिळते.

वकील आणि मुलगी यांच्यामध्यें एक तिसरा मनुष्य उभा असतो, तो एजंट. अर्ज टंकून देण्यापलीकडे त्याला कोणताहि अधिकार नाहीं. अपिलांत तो उभा राहूं शकत नाहीं, आणि त्यानें लिहिलेल्या खोट्या ओळीखालीं सही मात्र अर्जदाराची असते. "पहिला नकार विसरा, नवा अर्ज भरूं" हा त्याचा ठरलेला सल्ला. पहिल्या निर्णयांत विवाह केवळ स्थलांतरासाठीं केला असा निष्कर्ष नोंदला गेला असेल, तर कलम २०४(सी) प्रमाणें त्या व्यक्तीसाठीं पुढें कोणीहि केलेला अर्ज मंजूर होऊं शकत नाहीं. दुसरा, निर्विवाद खरा विवाह झाला तरीहि नाहीं. त्याला माफीचा अर्जहि नाहीं. असा निष्कर्ष पुराव्यानिशीं खोडून काढणें हाच एक मार्ग उरतो. उलट पहिला नकार केवळ पुरावा अपुरा म्हणून असेल, तर नवा, भरपूर पुराव्याचा अर्ज हा अपिलापेक्षां पुष्कळदां स्वस्त आणि लवकर फळणारा उपाय ठरतो. सल्ला एकच, एका घराला तारक, दुसऱ्याला मारक. फरक निर्णयाच्या पत्रांतील एका कलमाचा. जाणूनबुजून खोटा विवाह करणाऱ्याला तेथें पांच वर्षांपर्यंत कैद व अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊं शकतो, हेंहि एजंट सांगत नाहीं.

अमेरिकन वकील निवडतांना मोठ्या पाटीकडे पाहूं नये. स्थलांतराचा कायदा मध्यवर्ती सरकारचा असल्यामुळें ५० पैकीं कोणत्याहि राज्याची सनद चालते. ती चालू आहे कीं नाहीं, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे काय, हें त्या राज्याच्या वकील-संघाच्या नोंदींत कोणासहि विनामूल्य पाहतां येतें. वकील परवडत नसेल तर न्याय खात्यानें मान्यता दिलेल्या धर्मादाय संस्थांतील अधिकृत प्रतिनिधि अल्प मोबदल्यांत हीं कामें करतात. कोणाकडेहि गेलें तरी जी-२८ हें वकीलपत्र दाखल झाल्याची प्रत मागून घ्यावी. ती नसेल तर तो मनुष्य आपला वकील नाहीं, लेखनिक आहे. सेवा खात्याच्या नस्तींत काय आहे हें पाहण्यासाठीं अमेरिकेच्या १९६६ च्या माहितीच्या कायद्याखालीं अर्ज करतां येतो, आपल्याकडील २००५ च्या कायद्यासारखाच. दूतावासाच्या व्हिसा-नोंदी मात्र गोपनीय असतात आणि त्यांतून फारसें हातीं लागत नाहीं. अपिलाची मुदत या अर्जासाठीं थांबत नाहीं, म्हणून दोन्ही कामें बरोबरच चालवावीं लागतात.

पहिल्या भेटींत वकिलापुढें नकाराचें पत्र लिफाफ्यासह, आजवर दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत, आणि मुलाखतीचा वृत्तांत ठेवावा. हा वृत्तांत मुलीनें मुंबईहून परततांना, आठवण ताजी असतांना, प्रश्न आणि उत्तर अशा क्रमानें मराठींतच लिहून काढलेला असावा. अधिकाऱ्यानें कोणत्या प्रश्नावर थांबून टिपण केलें तेंहि लिहावें. मराठी कागदांना संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावें लागतें. त्यासाठीं सरकारी शिक्क्याची गरज नाहीं. आपणांस दोन्ही भाषा येतात व भाषांतर पूर्ण आणि बिनचूक आहे असें सही करून देणारा, घरच्या बाहेरचा कोणीहि जाणता मनुष्य चालतो. गांवच्या शाळेंतील इंग्रजीचे गुरुजीहि हें काम करूं शकतात.